वहिनी चोरून खात नव्हत्या

वहिनी कशानं गेल्या असं कोणी विचारलं, की मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलो, ‘शुगर होती.’ रायपुरात एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. समोरचा मान हलवतो, आपल्याही घरातल्या कोणाचा तरी आकडा सांगतो आणि बोलणं दुसरीकडे वळतं. मला ते वळायलाच हवं असायचं. उत्तर खोटं नव्हतं, पण त्याच्या आड मी लपत होतो. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो. एक पान भरायला सकाळ जाते. तरी जे बोललो नाही ते लिहून ठेवतो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पुढे माझ्या बायकोची किडनी बिघडली तेव्हा वहिनी एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आल्या, त्या कायमच्याच. बायकोचं शेवटपर्यंत त्यांनी केलं. ती गेली तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती. तिला शाळेत सोडणं, तिच्या वेण्या, तिचा ताप, सगळं वहिनींनी पाहिलं. मुलगी त्यांना ‘बडी मम्मी’ म्हणायची. मी एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. सकाळी डबा तयार असायचा, संध्याकाळी चहा. मी त्यात कधी डोकं घातलं नाही.

वहिनींना मधुमेह असल्याचं कळलं ते योगायोगानं. लॅबमध्ये साखर मोजायचं नवं छोटं यंत्र आलं होतं. मी ते घरी आणलं आणि गंमत म्हणून सगळ्यांची बोटं टोचली. वहिनींचा आकडा इतका मोठा आला की मी यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्यांदा टोचलं. तेव्हा त्यांना आमच्या घरी येऊन अठरा वर्षं झाली होती. त्याआधी चार-पाच वर्षं तरी त्या म्हणत होत्या, ‘भाऊजी, तळपाय कसे रुईवर, कापसावर ठेवल्यासारखे लागते.’ मी म्हणायचो, वयानं होते.

औषध सुरू झालं, मग इन्सुलिन. वहिनींनी मात्र पथ्य असं पाळलं की कोणी नोकरीही तशी करत नाही. चहा बिनसाखरेचा, भात मुठीएवढा. घरात माझ्यासाठी, मुलीसाठी शिरा व्हायचा, त्या तो करून बाजूला ठेवायच्या.

पुढे पाच-सहा वर्षांनी, एका मे महिन्यात, त्या गच्चीवर बिजौरी घालायला गेल्या. उडदाची डाळ, तीळ आणि कोहळ्याच्या या वाळवणाला इथे बिजौरी म्हणतात. शेजारच्या छत्तीसगढी बाईंनी त्यांना शिकवली होती. खायच्या वस्तूपाशी चप्पल नको म्हणून त्या अनवाणी होत्या. रायपुरातला मे, दुपारचे बारा, सिमेंटचा स्लॅब. त्यांना काही जाणवलं नाही. संध्याकाळी मी फरशीवर ओल्या पावलाचे डाग पाहिले आणि विचारलं, ‘पाय धुऊन पुसले नाही काय?’ त्यांनी पाय उचलून पाहिला तर उजव्या टाचेपुढे फोड येऊन फुटला होता.

‘पाहा बरं,’ त्या हसल्या. ‘माहाच पाय अन् मलेच खबर नाही.’

जखम लहान होती, रुपयाच्या नाण्याएवढी. मी रोज ड्रेसिंग करायचो. जून गेला, जुलै गेला. कडा पांढऱ्या पडायच्या, मध्ये लाल राहायचं, भरत आल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा चिघळायचं. मी लॅबमध्ये चाळीस वर्षं काढत आणलेली. साखर जास्त म्हणून जखम भरत नाही, एवढं तर दवाखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. म्हणून मी साखर पाहिली. सकाळी उपाशीपोटी ठीक. जेवणानंतर दोन तासांनी ठीक. मग मी अचानक पाहू लागलो, दुपारी चारला, वहिनी बुद्धविहारातून परत आल्या की दारातच. ठीक.

इथे मी थांबायला हवं होतं. आकडे सांगत होते की बाई खरं बोलते आहे. पण जखम भरत नव्हती, आणि माझ्या डोक्यात जखम न भरण्याचं एकच कारण होतं. म्हणून मी असं धरलं की माझ्या वेळा त्यांना ठाऊक झाल्या आहेत आणि त्या मधल्या वेळात खातात.

‘वहिनी, खरं सांगा. दुपारी काय खाता?’

‘तुमच्यासमोर जे खाते तेच.’

‘मग घाव काहून भरून नाही राहिला?’

‘ते मले काय माईत, भाऊजी? लॅबमंदी तुम्ही बसता का मी?’ मग थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, ‘काल सपनात एक लाडू खाल्ला होता. तुमच्या मशीनीत दिसते काय तो?’

मुलगी खोखो हसली. मी हसलो नाही.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते त्यात मोजतात; दोन दिवस उपाशी राहून तिला फसवता येत नाही. मी जांभळ्या झाकणाच्या नळीत वहिनींचं रक्त घेतलं आणि स्वतः यंत्रावर लावलं. रिपोर्ट चांगला आला. कोणत्याही डॉक्टरनं पाठ थोपटली असती इतका चांगला.

पण वहिनींच्या रक्तात सिकलचा, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचा, अंश होता. आमच्या विदर्भाकडून आलेल्या समाजात आणि इथल्या छत्तीसगढी लोकांत हे घरोघरी सापडतं. आजार नव्हता, नुसता अंश. अशा रक्तात हिमोग्लोबिन थोडं वेगळं असतं आणि काही यंत्रांवर ही तपासणी चुकू शकते. हे मी नव्या मुलांना शिकवत असे, ‘सिकलवाल्याच्या रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.’ तेच मी आता वहिनींवर वापरलं. रिपोर्ट वाईट आला असता तर मी तो पुरावा म्हणून दाखवला असता. चांगला आला तेव्हा म्हणालो, हा चुकीचा आहे. खात्री करायचीच होती तर दुसऱ्या पद्धतीनं करता आली असती, तशा तपासण्या होत्या. मी केली नाही. मला खात्री नको होती. ती मला आधीच झाली होती.

पुढचं लिहायला सगळ्यात जड जातं. वहिनींना सर्जरीच्या ओपीडीत पाठवताना लॅबचा फॉर्म मी भरला. त्यात रुग्णाची माहिती लिहायला एक रकाना असतो. एरवी मी तो रिकामा सोडायचो. त्या दिवशी मी इंग्रजीत लिहिलं, की रुग्ण पथ्य पाळत नाही, चोरून गोड खाते, सिकलमुळे रिपोर्ट भरवशाचा नाही. डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांनी ते वाचलं, वहिनींकडे पाहिलं आणि विचारलं, ‘क्या अम्मा, परहेज़ नहीं करतीं?’

वहिनी बोलायच्या आत मी बोललो. ‘छुपके खाती हैं, साहब.’

डॉक्टरांनी फॉर्मवरचं वाक्य फाइलीत उतरवलं आणि इन्सुलिन वाढवलं. वहिनी सगळा वेळ हातातल्या पिशवीच्या बंदाशी खेळत होत्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, ‘भाऊजी, मी रोज सकाळी पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही म्हणते, न देल्लं घेणार नाही म्हणते. तुम्ही बाजूच्या खोलीतून ऐकता.’

मी म्हणालो, ‘म्हणणं वेगळं.’

त्या वाक्याची मला आज जितकी शरम वाटते तितकी तेव्हा वाटली नाही. मी चांगलं काम करतो आहे असंच मला वाटत होतं. बाईचा पाय वाचवायचा होता.

त्या पावसाळ्यात विहारात वर्षावास चालू होता. तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि वाचणाऱ्यांत वहिनीही असायच्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आश्विन पौर्णिमेला समाप्ती झाली आणि खीर वाटायला सुरुवात झाली. बाया एका ओळीत, आम्ही माणसं समोरच्या ओळीत. वाटणारी बाई वहिनींपाशी आली, वहिनींनी द्रोण पुढे केला. एक चमचा त्या घेणार होत्या, दानाची खीर नाकारायची नाही म्हणून. मी समोरून मोठ्यानं म्हणालो, ‘ओ बाई, त्यांले नका देऊ! त्यांचं घरी चालूच असते.’

दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, ‘भाऊ लॅबवाले आहेत, यांच्या नजरेतून काही सुटत नाही.’ वाटणारी बाई चमचा हवेत धरून उभी. वहिनींनी द्रोणावर हात पालथा ठेवला आणि तिला म्हणाल्या, ‘जा पुढं, बाई.’

दुसऱ्या दिवशी भाजी अळणी होती. त्याच्या पुढच्या दिवशी वरण खारट. असं आठवडाभर झालं तेव्हा मी ताट सरकवून म्हणालो, ‘वहिनी, काय चाललं आहे? मीठ-बीठ चाखून पाहत जा ना.’

‘चाखत नाही मी आता,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘तुम्ही म्हणसान खाल्लं.’

शिजताना हातावर थेंबभर वरण घेऊन जिभेला लावणंही त्यांनी बंद केलं होतं. आणि त्याच दिवसांत त्यांनी खाणंही कमी केलं. अंडं सोडलं, दूध सोडलं, डाळ वाटीभरावरून चमचाभर. एक पोळी आणि पालेभाजी. कोणी बोट दाखवू नये म्हणून. मी हे पाहिलं आणि मनात म्हणालो, आता कुठे ताळ्यावर आल्या. जखमेला मांस भरायचं तर शरीराला प्रथिनं लागतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. इन्सुलिन वाढवलेलं आणि ताटात काही नाही. दोनदा त्या घाम येऊन ओट्यापाशी बसल्या. मी साखर-पाणी दिलं तर म्हणाल्या, ‘हे लिहून ठेवा, भाऊजी. तुम्हीच देल्लं.’

फेब्रुवारीत हाडापर्यंत पू गेला. सर्जननं फाइल उघडली आणि शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं, की या बाई परहेज़ करतच नाहीत, मग असं होतं. वहिनी खाटेवर पडून ऐकत होत्या. गुडघ्याखालून पाय कापला.

मुलगी तेव्हा भिलाईच्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवायला लागली होती. कृत्रिम पायासाठी कागद लागणार म्हणून तिनं एका रविवारी फाइल मागितली आणि जेवणाच्या टेबलावर बसून वाचू लागली. माझ्या मुलीला मराठी समजतं, पण ती बोलते हिंदीच.

‘पापा, ये किसने लिखवाया? चोरी से मीठा खाती हैं?’

‘मी,’ मी म्हणालो.

‘आपने देखा था?’

‘नाही. पण जखम...’

‘रिपोर्ट तो नॉर्मल है। मीटर की रीडिंग भी सब नॉर्मल हैं। आपने ही लिखी हैं, आपकी राइटिंग है।’

मी सिकलचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग कागदाच्या मागच्या बाजूला पेननं काढून मला समजावलं, जसं ती वर्गात समजावत असेल. मला जेवढं कळलं ते असं. जखम झाली की रक्तातून पांढऱ्या पेशी तिथे धावतात. जंतू मारतात, मेलेलं मांस विरघळवतात. ते काम झालं की त्याच पेशींनी स्वभाव बदलायचा असतो. तोडणं थांबवून बांधणाऱ्यांना बोलवायचं असतं. मग नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजनचे धागे विणले जातात, कडेची कातडी सरकत मध्ये येते. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली तर या पेशी बदलतच नाहीत. तोडणारी विकरं सोडत राहतात. नवा धागा विणला की कापतात, वाढ करा असा निरोप घेऊन येणारी प्रथिनंही कापतात.

‘तोड़ने वाले मज़दूर घर जाते ही नहीं, पापा,’ ती म्हणाली. ‘मिस्त्री दीवार उठाता है, वो गिरा देते हैं।’

‘पण साखर तर खाली आली होती,’ मी म्हणालो. बोलल्यावर मला कळलं की मी आता वहिनींची बाजू मांडत होतो, तीही वादात जिंकायला.

तिनं पेन खाली ठेवलं. साखर खाली आली तरी जुनी साखर पुसली जात नाही, असं तिनं सांगितलं. शरीरातल्या जुन्या प्रथिनांना ती चिकटून बसते आणि ती प्रथिनं कडक होतात. पेशींच्या आत, कोणतं जनुक चालू ठेवायचं आणि कोणतं बंद, याच्या ज्या खुणा असतात त्या चढ्या साखरेच्या वर्षांत बदलून जातात. अगदी हाडाच्या मगजात, जिथे या पेशी जन्माला येतात, तिथेही. नवी पेशी जन्मतानाच जुनी सवय घेऊन येते. माणूस पुढे किती का पथ्य पाळेना. बधिर पाय, तोच दाब रोज त्याच जागी, रक्तपुरवठा कमी, हे सगळं वेगळं पाहायला हवं होतं. कोणी पाहिलं नाही, कारण फाइलीत कारण आधीच लिहिलेलं होतं.

‘बड़ी मम्मी सच बोल रही थीं,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. ‘जो बिगड़ना था वो पहले बिगड़ चुका था। जब किसी ने शुगर चेक ही नहीं की थी।’

ती ‘कोणी’ म्हणाली. ‘तुम्ही’ म्हणाली नाही. पण हिशेब मला करता येत होता. ती वर्षं आमच्याच घरातली. माझ्या बायकोच्या उशाशी बसलेली, मुलीच्या वेण्या घालणारी, पाय रुईवर पडतात म्हणणारी वर्षं. मी शहरभराचं रक्त तपासत होतो आणि माझा डबा बांधणाऱ्या बाईच्या रक्ताचा एक थेंब मी पाहिला नव्हता.

‘उनको बोल दो, पापा। आज ही।’

‘हव,’ मी म्हणालो.

वहिनी आतल्या खोलीत होत्या. मी गेलो. त्या खिडकीपाशी बसून कापलेल्या पायावर चादर नीट करत होत्या. मी विचारलं, ‘चहा घेता काय?’ त्या म्हणाल्या, ‘ठेवा.’ मी चहा ठेवला. एवढंच झालं.

त्यानंतर त्या अकरा महिने जगल्या. रोज मी त्यांना इन्सुलिन द्यायचो, रोज एक वेळ अशी यायची की आता बोलावं. एकदा पोळ्याला शेजारच्या बाईंनी खुरमी पाठवली, गव्हाच्या पिठाची, गुळातली. बोलणं जमत नव्हतं म्हणून मी एक खुरमी बशीत घातली आणि वहिनींसमोर ठेवली. म्हणालो, ‘घ्या, वहिनी. एकानं काही होत नाही.’ मला वाटलं, त्यांना समजेल.

त्यांनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बशी हळूच माझ्याकडे सरकवली आणि डाव्या हाताची करंगळी पुढे केली, टोचायला.

‘पाहून घ्या,’ त्या म्हणाल्या. ‘आधी पाहून घ्या, नंतर पाहा. फरक नाही पडाचा.’

त्यांना ती परीक्षा वाटली. मी नाही नाही म्हणालो, बशी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो. तेव्हा परत फिरून बोललो असतो तर पुरलं असतं. पाच पावलांचं अंतर होतं.

हिवाळ्यात त्यांचं हृदय थांबलं, सकाळी, अंघोळीचं पाणी तापत असताना. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, लोक जेवून गेल्यावर, मुलीनं मला विचारलं, ‘आपने बोल दिया था ना उनको?’

मी म्हणालो, ‘हो. बोललो होतो.’

‘क्या बोलीं?’

‘म्हणाल्या, जाऊ द्या भाऊजी.’

मुलगी रडली, आणि त्या रडण्यात तिला जरा मोकळं वाटल्याचं मला दिसलं. ते खोटं मी आजवर तसंच ठेवलं आहे. हे पान ती वाचेल तेव्हा तिला कळेल की वहिनी असं काही म्हणाल्या नव्हत्या, कारण त्यांना म्हणायची वेळच मी दिली नव्हती. तिनं मला काय म्हणायचं ते म्हणावं.

विहारात त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघं अजून आहेत. त्यांना मी गेल्या महिन्यात घरी जाऊन सांगितलं, की वहिनी घरी काही खात नव्हत्या, मी खोटं बोललो होतो. एकाला ती खीर आठवतही नव्हती. दवाखान्यातली फाइल दुरुस्त होत नाही म्हणतात, जुने कागद राहिलेच नाहीत. तेव्हा इथेच लिहितो, जे त्या अकरा महिन्यांत, पाच पावलांवर, मला बोलता आलं नाही.

वहिनी, तुम्ही खाल्लं नव्हतं. आकडे तुमच्या बाजूनं होते अन् मले ते दिसत होते, तरी मी तुम्हाले चोर म्हटलं, खोटारडं म्हटलं, लोकांसमोर म्हटलं, कागदावर लिहून देल्लं. माह्या संसारात तुमच्या अंगातली साखर चढत गेली तवा मी कधी विचारलं नाही. तुमचा पाय माह्यामुळं गेला का नाही, ते मले सांगता येत नाही. तुमचा शब्द माह्यामुळं गेला. चुकलं माहं, वहिनी. मले माफ करा.